मेलेल्या डीसीला हाका

राजेहो, जुना डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) काढून आज तिसरा दिवस. अन् जिनिंगच्या ऑफिसातला एक्स्चेंज (मेल सर्व्हर) अजून त्याच मढ्याला हाका मारून राह्यला! इव्हेंट व्ह्यूअरात 2114 ची, म्हणजे 'डीसी सापडत नाही' या एररची रांग. मागच्या खेपेलाही हेच. काहून? डीएनएसमधल्या, म्हणजे नेटवर्कच्या पत्तावहीतल्या, त्याच्या एसआरव्ही नोंदी ('डीसी इथं आहे' सांगणाऱ्या) कोणी पुसतच नाही. एक्स्चेंजच्या नेटवर्क कार्डावर पहिला डीएनएस पत्ताही त्याचाच, हातानं टाकलेला (माह्याच हातानं, जाऊ द्या). नोंदी पुसल्या, पत्ता बदलला, डीसी शोधणारी टोपॉलॉजी सर्व्हिस रिस्टार्टला टाकली, की लाइन गुल! तिकडं गाठींच्या ऑर्डरी अडकल्या, म्हणून मालक दर दहा मिनिटांनी डोकावते, "भाऊ, आउटलुक का म्हणते?"

"ट्राइंग टू कनेक्ट" म्हणते, मालक. सकाळपासून तेच म्हणते.