टॅग नको, पैसे द्या

काल रात्री साडेअकराला ताईने फोन माझ्या नाकासमोर धरला. घोडबंदर रोडच्या एका टोलेजंग सोसायटीच्या पेजवरची रील. संगमरवरी लॉबी, मध्ये लटकलेला आमचा कंदील. आमचाच. पांढऱ्या पतंगी कागदाचा, राणी रंगाच्या कागदी करंज्यांचा, खाली झिरमिळ्यांची दुहेरी रांग. ती दुहेरी रांग आख्ख्या ठाण्यात फक्त ताई लावते, कारण दुसऱ्या कुणाला तेवढा धीरच नाही. आणि खाली लिहिलंय, ‘हॅन्डमेड विथ लव्ह बाय अवर सोसायटी लेडीज’.

आमचं नाव नाही. नंबर नाही. ज्या टॅगच्या बदल्यात तो कंदील फुकट ठेवून घेतला, तो टॅगसुद्धा नाही!

खाली लोक विचारतायत, वॉव, कुठून घेतला? आणि उत्तरादाखल तीन हृदयं. अहो, हृदयं काय टाकता, ठाण्यातल्या आमच्या चरईचा पत्ता टाका ना! विचारणारा माणूस गिऱ्हाईक आहे माझं. दिवाळी तोंडावर आलीय.

झालं असं की, दसऱ्यानंतर त्यांच्या सांस्कृतिक कमिटीच्या मॅडमचा मेसेज आला. लॉबीसाठी अकरा मोठे कंदील हवेत, आधी नमुना दाखवा. आता मोठा कंदील बसमध्ये नेता येत नाही. रिक्षा केली. कंदील मांडीवर, वाऱ्याने करंज्या फाटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी कवेत, आणि माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत मेट्रोच्या खांबांखालून गोगलगायीसारखा प्रवास. मीटर पडतोय तो वेगळाच. गेटवर सिक्युरिटीने ॲपमध्ये माझी नोंद ‘डिलिव्हरी’ म्हणून केली आणि सांगितलं, सर्व्हिस लिफ्टने जा. मेन लिफ्टमध्ये कंदील मावत होता, मी मावत नव्हतो. क्लबहाऊसमध्ये बसवून ठेवलं. पाणी कुणी विचारलं नाही.

मग मॅडम आल्या. कंदील उचलला, फिरवला, छान म्हणाल्या, फोटो काढले, रील काढली, त्यांच्या मैत्रिणींनीही काढली. आणि मग ते वाक्य आलं. “दादा, आमच्या पेजला नऊ हजार फॉलोअर्स आहेत. आपण कोलॅब करू या. तुम्हाला एवढं एक्सपोजर दुसरं कोण देणार?” मी म्हटलं, मॅडम, एका कंदिलाचे साडेसहाशे, अकरा घेतलेत तर थोडं कमी करतो. तर म्हणे यंदा बजेट टाइट आहे, सेल्फी पॉइंट आणि डीजेवर गेलं सगळं. हा एक राहू दे इथे, कमिटीला दाखवते, टॅग तर करतेच.

सेल्फी पॉइंटवाल्याला टॅग दिला का हो? डीजेवाल्याला म्हणालात का, ये, वाजव, तुला एक्सपोजर देतो? त्यांना ॲडव्हान्स जातो. आणि हाताने काम करणारा दिसला की लगेच कोलॅब आठवतं.

एक कंदील म्हणजे काय ते यांना एकदा बसवून दाखवलं पाहिजे. बांबू चिरून कामट्या काढायच्या, त्या तासायच्या, सगळ्या एका जाडीच्या, नाहीतर सांगाडा एका अंगाला कलतो. तासताना बारीक शीग नखाखाली घुसते, ती दिव्याखाली बसून सुईने काढायची. दोऱ्याने सांधे बांधायचे. मैद्याची खळ शिजवायची, त्यात मोरचूद घालायचा, नाहीतर पुढच्या वर्षी माळ्यावर किड्यांनी कागद खाल्लेला असतो. कागद चिकटवल्यावर पाण्याचा हलका हबका मारायचा, म्हणजे वाळताना तो ताणून बसतो. हबका जास्त झाला की कागद फाटला, पुन्हा पहिल्यापासून. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा लावायचा नाही, कागद उडतो. ताईच्या हाताला महिनाभर खळीचा वास असतो, साबणाने जात नाही. हे सगळं ‘विथ लव्ह बाय सोसायटी लेडीज’!

माझं डोकं फिरलंच आहे तर सगळंच बोलतो.

‘प्राइस प्लीज’वाले. किंमत फोटोवर लिहिलेली असते. फोटोखाली लिहिलेली असते. प्रोफाइलवर लिहिलेली असते. तरी ‘प्राइस?’ सांगितली की गायब. त्याहून वाईट ते, जे नुसतं ‘हाय’ पाठवून थांबतात. दुकानात जाऊन कुणी नुसतं ‘हाय’ म्हणून उभं राहतं का? आणि ते ‘भैया माप सांगा ना, मुलाच्या शाळेचं प्रोजेक्ट आहे’वाले. मापं घेतात, कामट्या कुठे मिळतात विचारतात, खळीचं प्रमाण विचारतात, मग म्हणतात, घरीच केला, थँक्यू! जांभळी नाक्यावरून प्लास्टिकचा कंदील घासाघीस न करता घेणारी माणसं माझ्याकडे येऊन म्हणतात, कागदाचाच तर आहे.

आता रीलचं. भाच्याने मला शिकवलं, मामा, पहिल्या तीन सेकंदांत हुक पाहिजे. म्हणजे कंदील वाईट असला तरी चालेल, पण मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ओरडलं पाहिजे. नाही ओरडणार. माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकासमोर आवाज चढवला नाही. वर गाणं ट्रेंडिंग लावा म्हणतात. बिझनेस अकाउंटला गाजलेली गाणी मिळतच नाहीत, परवान्यांची भानगड आहे. मिळतं ते लिफ्टमध्ये वाजतं तसलं संगीत. अभ्यंगस्नानाच्या पहाटेच्या कंदिलाला ते संगीत लावायचं? मी लावत नाही. बिनआवाजाचं टाकतो, मग कुणी थांबत नाही.

फोटो नीट ओळीत लावले होते ताईने, गेल्या कित्येक दिवाळ्यांचे, एकेक रंग जुळवून. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौरस फोटो उभट केले आणि जुन्या फोटोंतल्या सगळ्या कंदिलांच्या दोन्ही बाजूंच्या करंज्या उडाल्या. ताई त्या दिवशी जेवली नाही. लोकांना हसू येईल, पण तिचं तेवढंच दुकान आहे. आम्हाला गोखले रोडवर गाळा परवडत नाही, राम मारुती रोडचं तर नावच नको. शोरूम म्हणजे तो फोन.

बरं, व्हॉट्सॲपवर पाठवावं, तर ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं, आणि मेसेज पोचणार फक्त ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्याला. गिऱ्हाईक दिवाळीला घेतं आणि तुळशीच्या लग्नाआधी नंबर पुसून टाकतं. म्हणून पैसे भरून बूस्ट करा, म्हणजे पोस्टची जाहिरात. त्यावर १८ टक्के जीएसटी. आमची उलाढाल नोंदणीइतकी नाही, म्हणजे तो जीएसटी परत मिळायचा प्रश्नच नाही, गेला तो गेला. आणि आलं काय? अंगठे. कुठल्या कुठल्या गावचे अंगठे. तिकडे कंदील पाठवायचा म्हटलं तर कुरियरमधून पोचेपर्यंत त्याची पोळी होते.

आणि तरी सगळं या ॲपवाल्यांवरच. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम घेतलं, २०१४ मध्ये व्हॉट्सॲप. दुकान, पाटी, फोन, सगळं एकाच मालकाकडे. २०२१ च्या ४ ऑक्टोबरच्या रात्री तिन्ही एकदम बसली, सहा तासांच्या आसपास. त्या वर्षी लक्ष्मीपूजन बरोबर ४ नोव्हेंबरला होतं. हेच एक महिना नंतर झालं असतं तर आमच्यासारख्यांनी ऑर्डरी कुठे शोधायच्या होत्या? तेव्हापासून ताई प्रत्येक ऑर्डर वहीत लिहिते. तारीख, रंग, नाव, इमारत.

इन्फ्लुएन्सर मंडळींचं तर बोलायलाच नको. परवा एक पोरगा आला, दोन कंदील फुकट आणि वर रीलचे पैसे. मी विचारलं, फुकट घेतलेत हे सांगणार का रीलमध्ये? तो म्हणाला, नाही काका, ऑर्गॅनिक दिसायला पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्येच सांगून ठेवलंय, की पैसे घ्या नाहीतर वस्तू फुकट घ्या, ते लोकांना स्पष्ट दिसेल असं सांगायचं. दिशाभूल केली तर दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास. त्याच्या गावीही नव्हतं. उलट मला म्हणाला, काका, तुम्ही फार स्ट्रिक्ट आहात.

आहे मी स्ट्रिक्ट. कामटी एक सूत जाड राहिली तर मी टाकून देतो. तोच नियम माणसांना लावला तर राग का येतो?

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? हे सगळं करण्यात जी संध्याकाळ जाते ती कंदिलाची असते. रोज काहीतरी टाका, रोज टाका, नाहीतर रीच पडतो, कमी लोकांना दिसतं म्हणतात. अहो, हाताला खळ लागलेली असताना फोन कसा धरायचा? वडील होते तेव्हा दारात बांबूवर एक कंदील पेटवून टांगला की झालं, आळीतला माणूस यायचा, हात लावून बघायचा, कुठला रंग हवा ते सांगून जायचा. माहीमच्या कंदील गल्लीत आजही लोक लांबून जातात, डोळ्यांनी बघून घेतात. आणि मी इथे रात्री बाराला बसून एका अनोळखी पोराला ‘भाऊ, किंमत फोटोवर आहे’ असं टाईप करतोय.

आज सकाळी मॅडमना मेसेज केला. सरळ लिहिलं, कंदिलाचे साडेसहाशे आणि रिक्षाचे जाण्यायेण्याचे पाठवा, आणि रीलखाली आमचं नाव घाला. दोन निळ्या टिका लगेच. उत्तर दुपारी. “दादा, सणाच्या दिवसांत इतकं निगेटिव्ह नका होऊ. स्टोरीला टाकते तुमचं नाव.” स्टोरी चोवीस तासांत जाते. रील राहते. हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. मी उत्तर दिलं, स्टोरी नको, पैसे पाठवा, नाहीतर कंदील न्यायला मी स्वतः येतो, आणि येईन तो मेन लिफ्टने.

अजून पैसे आलेले नाहीत.

तेव्हा यंदापुरतं नाही, कायमचं सांगतो. नमुना दाखवायला मी कुठेही येणार नाही. अर्धे पैसे आधी, तेही खात्यात जमा झालेले. स्क्रीनशॉट कुणी पाठवू नये, खोटे स्क्रीनशॉट फार पाहिलेत. चरईत या, ताई संध्याकाळी सहानंतर घरीच असते. कंदील हातात घ्या, उजेडात धरा, करंज्या मोजा. आवडला तर पूर्ण पैसे देऊन घेऊन जा. एकदा तुमचा झाला की हव्या तेवढ्या रीली काढा, फक्त ‘आम्ही केला’ असं लिहू नका.