‘आज रात्री कॉस्मिक किरण येणार, मोबाइल बंद ठेवा’: हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

‘आज रात्री 12.30 ते 3.30 दरम्यान मंगळावरचे कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत. शरीराला घातक आहेत. मोबाइल बंद करा, उशाशी ठेवू नका. नासा, बीबीसीची बातमी बघा.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यावर तारीखच नसते, त्यामुळे तो कधी शिळा होत नाही. वयस्कर माणसं तो वाचून खरोखर फोन बंद करतात आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर त्यांच्याशी संपर्क होत नाही. मला हे धोकादायक वाटतं, म्हणून एकेक दावा घेतो.

‘आज रात्री येणार.’ ते अहोरात्र येतच असतात. कॉस्मिक किरण म्हणजे मुख्यतः अवकाशातून येणारे वेगवान प्रोटॉन. ते साधारण 15 किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात. त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात आणि पायॉनपासून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण, तयार होतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. म्हणजे तुमच्या तळहातातून आत्ताही सेकंदाला एखादा आरपार जातोय, डोक्यावर स्लॅब असला तरी.

‘मंगळावरून.’ मंगळ हे किरण पाठवत नाही, त्याच्यावरही ते आदळतातच. या किरणांचा शोध लावणारा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस 7 ऑगस्ट 1912 रोजी फुग्यातून 5 किलोमीटरच्या वर गेला, तेव्हा त्याला हवेतलं आयनीभवन (किरणांमुळे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटणं) जमिनीपेक्षा बरंच वाढलेलं दिसलं. स्रोत जमिनीत असता तर वर जाताना ते घटत गेलं असतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहण चालू असताना केलेल्या उड्डाणात आकडा घटला नाही, म्हणजे मुख्य स्रोत सूर्यही नव्हे. बहुतेक किरण आपल्या आकाशगंगेतले आहेत, आणि फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष हा त्यांचा एक मोठा उगम मानला जातो.

‘शरीराला घातक.’ आपल्यापर्यंत किती पोचतं हे घड्याळापेक्षा कितीतरी जास्त उंचीवर ठरतं. समुद्रसपाटीला वर्षभरात मिळणारी मात्रा साधारण 0.3 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजायचं एकक), आणि विमानाच्या उंचीवर मारा अनेक पटींनी जास्त. ज्याला या किरणांची काळजी आहे त्याने उशाशी ठेवलेल्या फोनपेक्षा विमानप्रवासाचा हिशोब करावा, आणि अधूनमधून प्रवास करणाऱ्याला तोही चिंतेचा नाही.

उंची बदलून म्युऑन मोजण्याचा माझा सर्वात आवडता प्रयोग 1963 साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतला. फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी माउंट वॉशिंग्टन या डोंगरावर, सुमारे 1900 मीटरवर, प्रकाशाच्या वेगाजवळच्या ठरावीक वेगाचे म्युऑन मोजले: तासाला साधारण 563. म्युऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत (सेकंदाच्या दशलक्षांश भागांत) विघटित होतो, तेव्हा खाली समुद्रसपाटीला पोचेपर्यंत त्यातले जेमतेम 27 उरायला हवे होते. समुद्रसपाटीजवळच्या, अमेरिकेतल्याच केंब्रिजमध्ये मोजले तर मिळाले 408 च्या आसपास. इतक्या वेगात त्यांचं घड्याळ आपल्या हिशोबाने जवळपास नऊ पट मंद चालतं. आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत इतक्या साध्या मोजणीतून दिसतो, आणि लोकांच्या हातात मात्र त्याच किरणांची भीती दिली जाते, याचं मला वाईट वाटतं.

‘मोबाइल बंद करा.’ फोन या कणांना ओढून घेत नाही. फोनचा संबंध रेडिओलहरींशी. म्युऑन मात्र बंद फोनमधूनही तसाच निघून जातो.

‘नासा, बीबीसी.’ मेसेजमध्ये दुवा नसतो, कारण अशी बातमीच नाही.

खरोखर काही वेगळं घडलं तर ते मोजलं जातंच. उटीला 2200 मीटर उंचीवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-3 प्रयोग रोज सुमारे 400 कोटी म्युऑन मोजतो. 22 जून 2015 च्या मध्यरात्रीच्या सुमारास सौर वादळाने पृथ्वीची चुंबकीय ढाल तात्पुरती कमजोर झाली आणि दोन तास म्युऑन वाढले. ती वाढ टिपायला 560 चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण लागली.