‘काठावरचा बघ्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक दर्यावर्दी’ यांस,

सप्रेम नमस्कार.

फ्रान्समधल्या सां-त्रोपेच्या, शिडाच्या बोटींच्या शर्यतींवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण टाकलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. काटछाट केली असा आरोप नको, म्हणून इथे जशीच्या तशी देतो: ‘काठावर उभं राहून श्रीमंतांच्या खेळण्यांना ओवाळणारा लेख. स्कूनरची पुढची डोलकाठी उंच नसते, मागची असते. एलेना 2009 सालची आहे, तिला शतकभर जुनी म्हणणं चूक. 1995 च्या अपघाताबद्दल एक ओळ नाही. आणि प्रत्येक परिच्छेदात काहीतरी थक्क करणारं!’

डोलकाठीचं मान्य. स्कूनर म्हणजे दोन किंवा जास्त डोलकाठ्यांचं, लांबीच्या दिशेने शिडं लावलेलं जहाज. दोन डोलकाठ्यांच्या स्कूनरवर मागची पुढचीएवढी तरी असते, बहुधा उंचच. लिहिताना उलटसुलट झालं. सोबतच्या फोटोत बरोबर दिसतंय, पण चूक ती चूक. आभार. मात्र चूक दाखवायचीही एक रीत असते. शेजाऱ्याच्या अंगणात चप्पल उलटी पडलेली दिसली तर आपण ती सरळ करतो, दारात उभं राहून त्याच्या खानदानाचा उद्धार करत नाही.

आता ‘काठावर उभं राहून’.

माझे आजोबा देवगडचे तांडेल. मंगलोरी कौलं भरलेलं गलबत किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला न्यायचे. शिडाच्या दोराने त्यांच्या उजव्या पंज्यात पडलेली चर मी लहानपणी बोट घालून मोजायचो. मी स्वतः बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. इंजिनरूममध्ये काढली हे खरं, पण समुद्र डेकवरच्यांना वेगळा आणि खालच्यांना वेगळा असतो असं तुमचं म्हणणं असेल तर तसं स्पष्ट लिहा. बिस्केच्या उपसागरात जहाज कलंडायला लागलं की खालच्या माणसाला क्षितिजसुद्धा दिसत नाही. अशा माणसाला तुम्ही, टोपणनावाआडून, काठावरचा बघ्या म्हणता?

आणि सां-त्रोपेला मी नुसता उभा नव्हतो. मारिएत संध्याकाळी परत आली तेव्हा मी धक्क्यावरच होतो. 1915 सालची, अमेरिकेत हेरशॉफच्या कारखान्यात बांधलेली ही स्कूनर. नांगर टाकून ती मागे मागे धक्क्याकडे सरकत होती, दोन्ही बाजूंच्या बोटींना हातभर अंतर. डेकवरच्या एका पोरीने दोर फेकला, तो माझ्या छातीवर आदळला. मी झेलला, बोलार्डला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटाला, दोन वेढे दिले आणि धरून ठेवला. ओला दोर ताणला गेला की करकरतो आणि त्यातून पाणी पिळल्यासारखं गळतं. ते माझ्या बुटांवर गळत होतं. ती पोरगी ‘मेर्सी’ म्हणाली. तेवढ्यात त्यांचा माणूस आला आणि त्याने दोर हातात घेतला. फार तर अर्धा मिनिट असेल. पण बघ्याला कोणी दोर देत नाही, साहेब.

‘श्रीमंतांची खेळणी’ हेही त्याच वाक्यात आहे, तर तेही घेऊ. मालक श्रीमंत असतात हा शोध तुमच्याआधी पुष्कळांना लागला आहे. ही शर्यत सुरूच झाली ती 1981 मध्ये प्राइड आणि इक्रा या दोन बोटींत लागलेल्या पैजेतून: पोर्तालेच्या बुरुजापासून निघायचं, निउलार्गच्या उथळ जागेवरच्या बोयाला, म्हणजे तरंगत्या खुणेला, वळसा घालून पांपलोनच्या किनाऱ्यावर जेवायला पोचायचं. रिकामटेकड्यांचा उद्योग, कबूल. पण स्कूनर हा घाट काही श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मला नाही. 22 ऑगस्ट 1851 ला वाइट बेटाभोवतीची शर्यत मारून इंग्रजांचं नाक कापणारी अमेरिका ही स्कूनर न्यूयॉर्कच्या पायलट बोटींच्या, म्हणजे जहाजांपर्यंत वाटाडे पोचवणाऱ्या बोटींच्या, धर्तीवर बांधलेली होती. 1921 ची कॅनडाची ब्लूनोज ही स्कूनर कॉड मासे मारायला जायची आणि कोळ्यांच्या शर्यतीतही उतरायची. त्या शर्यतीचा नियमच असा, की बोटीने आधी मासेमारीचा हंगाम केलेला पाहिजे. आज ती कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे. 1905 मध्ये अटलांटिक या स्कूनरने 12 दिवस 4 तासांत महासागर ओलांडला, तेव्हा सुकाणूची जबाबदारी मालकाकडे नव्हती, चार्ली बार या पगारी स्कॉटिश कप्तानाकडे होती.

मारिएतसारख्या बोटीवर दोन डोलकाठ्यांच्या मध्ये, वरच्या अंगाला एक चौकोनी शीड चढवतात. त्याचं नावच फिशरमन. बोट वाऱ्यातून वळवायची म्हटली की ते खाली घ्यायचं, दुसऱ्या बाजूने पुन्हा चढवायचं. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या टेकडीवरून दुर्बिणीतून मी हे सहा वेळा पाहिलं. दहा-बारा जण एका लयीत दोर ओढताना दिसत होते. त्यांच्यापैकी कुणाच्या नावावर बोट नसणार. सुपरयाटवर, म्हणजे आजच्या आलिशान मोठ्या बोटींवर, हेच काम बटण दाबून होतं, आणि तिथे माझी दुर्बीण फार थांबली नाही, हेही मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही वाचलं नसेल. तुम्हाला ओवाळणीचं तबक तेवढं दिसलं.

बाकीच्या मुद्द्यांत फारसा दम नाही. एलेनाचं म्हणाल तर मूळ बोट 1911 ची, त्याच आराखड्यावर पुन्हा बांधली. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून कोणी देवाचं वय कमी करत नाही. 1995 मध्ये मारिएत आणि टाओस ब्रेट या छोट्या बोटीची टक्कर झाली, त्यात छोट्या बोटीवरचा एक खलाशी गेला, त्यानंतर शर्यत बंद पडली आणि 1999 मध्ये आजच्या नावाने पुन्हा सुरू झाली. हे मला ठाऊक होतं. प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट येत नसते. लग्नाच्या जेवणाबद्दल लिहिताना त्या कार्यालयात पूर्वी कोण वारलं ते लिहितात का?

तुम्ही बोटीवर असता का, कुठल्या, किती वर्षं, हे प्रतिक्रियेत कुठेच नाही. मी माझं सगळं वर लिहिलं आहे. पुढच्या वेळी नाव लिहाल तर बोलायला बरं पडेल. ‘एक दर्यावर्दी’ तर गिरगाव चौपाटीवर पाय भिजवणाराही म्हणवून घेईल.

डोलकाठीची ओळ आज सकाळी दुरुस्त केली आहे. ‘थक्क करणारं’ मोजून पाहिलं, पाच वेळा आलंय. एक काढलं.