ट्रेनचा वास

सत्या पावणेनऊला उगवला. घोडबंदरवरून येणाऱ्या माणसाला उशिराचं कारण विचारायचं नसतं, त्यामुळे आम्ही फक्त ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर सरकून जागा दिली.

"पोरांचा तो ऑनलाइन पोल बघितलात?" टेकायच्या आधीच सुरू.

न बघायला काय झालं! 'वर्गात कोणाच्या अंगाला ट्रेनचा वास येतो?' खाली चार नावं. वर्गात पोरं 40 आणि कळव्याच्या त्या मुलाला मतं 57.

"ऑस्ट्रेलियाने बघ कसं केलं," सत्या म्हणाला. सत्याचं कुठलंही वाक्य परदेशातूनच सुटतं. "10 डिसेंबर 2025पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियावर अकाउंटच नाही! ऐकलं नाही तर 4 कोटी 95 लाख डॉलरपर्यंत दंड. कंपनीला हां, पोरांना नाही."

"आणि पोरं वय खरं सांगणार?" वैशालीने कटिंग खाली ठेवला. तिचे नौपाड्यात क्लासेस आहेत, सत्याचं कार्टंही तिथेच. "परवा तुझा लेकच दाखवत होता. इन्स्टावर त्याचं जन्मसाल 1999. तुझं लग्न 2007चं ना रे? वहिनींना कल्पना आहे?"

नानांना ठसका लागला. सावरून म्हणाले, "मी सांगतो, दोन कानाखाली वाजवा."

"कोणाच्या, नाना? पोल टाकणारं अकाउंट फेक आहे."

नानांचा उपाय सगळ्याला हाच असतो, रिक्षावाल्यांपासून अमेरिकेपर्यंत.

"तो मुलगा क्लासला येतो अजून," वैशाली म्हणाली. "पण आता बॅगेत डिओ असतो. जिन्यात उभा राहून फवारतो, कॉलर हुंगून बघतो, मग आत येतो."

जरा वेळ कोणीच बोललं नाही.

"कोणी केलं ते पोरांना माहितीये," ती म्हणाली. "पहिल्या नंबरवाल्याने नाही, मागच्या बाकावरच्यानेही नाही. ज्याने केलं तो दोन वर्षांपूर्वी स्वतः कळव्याला राहायचा. आता टॉवरमध्ये गेलाय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या शाळांत फॅरिस आणि फेल्मली या समाजशास्त्रज्ञांनी हेच मोजलं होतं, 2011ला छापून आलं. वर्गात पोराचा भाव वाढतो तशी दादागिरी वाढते. अगदी वरच्या 2 टक्क्यांत मात्र खाली येते. ढकलाढकली जिन्यावर चालते रे, गच्चीवर नाही."

"आलीस टॉवरवाल्यांवर!" सत्या उसळला.

इतका वेळ गप्प बसलेला दिल्या हसला. "सत्या, शाळेत मला काय म्हणायचास?"

सगळ्यांना माहीत होतं. 'मुंब्रा स्लो'. दहावीपर्यंत दिल्याचं खरं नाव सरांखेरीज कोणी घेतलं नाही. आणि हा सत्या स्वतः कळव्याचा! एक स्टेशन अलीकडचा, एवढाच काय तो मोठेपणा.

"अरे, ते प्रेमाने..."

"त्याच स्लोने यायचो दोघं. तू मागच्या डब्यात चढायचास, सोबत दिसू नये म्हणून."

"फोन बघू तुझा," वैशालीने हात पुढे केला. "दिल्याचं नाव कसं सेव्ह केलंयस?"

सत्याने फोन खिशात कोंबला. त्यातच उत्तर आलं. नाना तर मांडीवर थापा मारायला लागले.

"निघतो मी," सत्या उठला. मग तोच फोन काढून मॅप बघितला. कापूरबावडीच्या पुढे लालभडक.

"मला दोनच स्टेशनं," दिल्या चपला शोधत म्हणाला. "साडेनऊला पानावर बसलेला असेन. येतोस? पुढच्या डब्यात बसू."