१२ तासांच्या टोल पावतीचा तो मेसेज खोटा आहे

"टोलवर १२ तासांची पावती मागा, तेवढ्यात परत आलात तर टोल फ्री" असा मेसेज मंत्र्यांच्या नावाने ग्रुपवर फिरतोय. असा नियमच नाहीये. राष्ट्रीय महामार्गांसाठी २००८ चे फी नियम आहेत, मी ते वाचलेत, त्यात २४ तासांत परत येणाऱ्याला जाऊन-येऊन मिळून एका फेरीच्या दीडपट टोल असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे एकेरी १०० रुपये असेल तर २०० ऐवजी १५०, सवलत आहे पण फुकट नाही, आणि फास्टॅग असेल तर ती आपोआप मिळते, पावती मागावी लागत नाही. या मेसेजमुळे लोक बूथवरच्या पोरांशी भांडतात, त्यांचा काय दोष? प्लीज पुढे पाठवू नका, ग्रुपवर टाकला असेल तर डिलीट करा.