हर्षिलला मी ‘वखारीचं गाव’ का म्हटलं

‘एक यात्रेकरू’ या नावानं लिहिणाऱ्या काकांना नमस्कार.

उत्तराखंडात गंगोत्रीच्या वाटेवर असलेल्या हर्षिलवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. खाली चार ओळी लिहून भागणार नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतेय. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांनी १९७९ साली आईला घेऊन गंगोत्री केली. त्यांचं म्हणणं असं, की हर्षिल म्हणजे हरिशिला आणि नदीपलीकडचं मुखबा म्हणजे गंगेचं माहेर. अशा ठिकाणाला ‘वखारीचं गाव’ म्हणायचं आणि अर्धा लेख एका गोऱ्या लाकूड ठेकेदारावर खर्च करायचा, हा अन्याय आहे. शेजारच्या धराली गावातल्या प्रलयानंतर तर हे जखमेवर मीठ चोळणं झालं.

मुखब्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. अन्नकूटाला गंगोत्रीची दारं बंद होतात, गंगेची पालखी मुखब्याला येते आणि अक्षय्य तृतीयेला परत वर जाते. तिथली माणसं तिला माहेरवाशीणच मानतात, आणि मी त्यावर एक ओळ लिहून पुढे गेले. हर्षिलजवळच्या बगोरी गावाचंही तसंच झालं. १९६२च्या युद्धात नेलांग आणि जाडुंग ही सरहद्दीवरची गावं रिकामी करावी लागली, तेव्हा तिथले ‘जाड’ जमातीचे लोक बगोरीत येऊन राहिले. त्यांच्या लाकडी घरांचे फोटो मी टाकले, पण ती माणसं तिथे कशी आली ते सांगितलंच नाही. दोन्ही गोष्टी लेखात घालते आहे.

पण लाकडाचा भाग मी काढणार नाही. आणि त्याचं कारण मला मुखब्यातच सापडतं.

तो गोरा ठेकेदार म्हणजे फ्रेडरिक विल्सन, आणि त्याची बायको गुलाबी मुखब्याची. त्या पट्टीत आजही सांगतात, की विल्सननं जंगल कापायला घेतलं तेव्हा तिथला देव सोमेश्वर कोपला आणि त्याचा वंश टिकणार नाही असा शाप दिला. शापावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यात एवढंच दिसतं, की लाकूडतोडीचा हिशोब तिथल्या देवानं आणि देवाच्या माणसांनी स्वतःच धरून ठेवलाय. तो त्यांच्या गळ्यात मी बाहेरून येऊन बांधलेला नाही. देवभूमी एकीकडे आणि वखार दुसरीकडे अशी फाळणी ती माणसं करत नाहीत, तर आपण यात्रेकरूंनी का करावी?

शिवाय सगळं पाप एकट्या विल्सनच्या माथी मारलं की बाकीचे सुटतात. १८५०मध्ये त्याला जंगल तोडायचा ठेका दिला तिथल्या टिहरी संस्थानच्या दरबारानं, तोही वर्षाला ४०० रुपयांवर. माल किती निघतोय हे दिसल्यावर इंग्रज सरकारनंच १८६५पासून २० वर्षांसाठी टिहरीची जंगलं वर्षाला १०,००० रुपयांनी भाड्यानं घेतली. रेल्वेला स्लीपर हवे होते, आणि देवदार पाण्यापावसात लवकर कुजत नाही, त्याला वाळवी सहजी लागत नाही. ओंडके भागीरथीत सोडायचे आणि खाली हरिद्वारला अडवून बाहेर काढायचे, असा तो धंदा. जी नदी तुम्ही डोक्यावर घेऊन आलात तीच त्या लाकडाची गाडी होती. हे लिहितानाही मला त्रास होतो, पण झालं ते असंच.

तुम्ही लिहिलंय की गंगोत्रीच्या वाटेवरच्या लंका या थांब्याला बस सोडून तुम्ही खाली जाडगंगा नदीच्या दरीत उतरलात आणि पलीकडची भैरोंघाटीची चढण आईंनी तुमचा हात धरून चढली. तेव्हा मोटारींचा पूल झाला नव्हता. त्याच जाडगंगेच्या दरीवर विल्सननं दोरांचा झुलता पूल बांधला होता. लोक त्यावर पाय ठेवायला घाबरत, म्हणून तो स्वतः घोडा पिटाळत पलीकडे गेला, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे तुमच्या यात्रेच्या वाटेतही तो आहेच. त्याचं कौतुक करावं असं मी म्हणत नाही. लेखात त्याच्यासाठी वापरलेले ‘हर्षिलचा राजा’ हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय गेले, ते मात्र कौतुकासारखे वाचले जातात. तेही दुरुस्त करते.

एक गोष्ट लेखात जागेअभावी राहिली होती, ती इथे सांगते. एका सफरचंदाच्या बागेच्या कडेला देवदाराचा जुना बुंधा पाहिला, जमिनीलगत कापलेला. एका मावशींनी त्यावर फडकं अंथरून राजमा वाळत घातला होता. टाचेला टाच लावून मी त्याच्याभोवती फिरले, एकवीस पावलं भरली. कडेचं लाकूड राखाडी होऊन भुसभुशीत झालेलं, पण नखानं थोडं खरवडलं तर आत अजून वास होता. मावशींना विचारलं, कधी तोडलं हे झाड? त्या म्हणाल्या, माझ्या सासूच्याही आधी. सफरचंद आणि राजमा ही दोन्ही पिकं तिथे विल्सननंच आणली असं गावकरी सांगतात. त्या बुंध्यावर राजमा बघताना ‘वखारीचं गाव’ हे शब्द मला सुचले. त्यात हिणवण्याचा हेतू नव्हता.

आता धराली. ५ ऑगस्ट २०२५ला खीरगंगा या ओढ्यानं तिथला बाजार गाडला, त्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीची तोड जबाबदार आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. तो लोंढा आला झाडांची रेषा संपते त्याच्याही वरून. धरालीचा बाजार उभा होता तो खीरगंगेनंच पूर्वी आणून टाकलेल्या गाळावर. तिथलं कल्पकेदाराचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल तर आठवत असेल, देवळात जायला खाली उतरावं लागायचं. कारण ते आधीच एकदा गाळात गेलेलं होतं. पुढे उकरून काढलं, आणि या वेळी पुन्हा गेलं.

मग आत्ताच हा विषय का काढला? कारण रस्ता रुंद करण्यासाठी त्याच खोऱ्यातले हजारो देवदार तोडायचा प्रस्ताव आहे. २०१२मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तरीही. तीव्र उतारावर मुळं माती धरून ठेवतात, हे तिथल्या शेळ्या राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. जखम भरायच्या आत तिथे पुन्हा करवत लावायला निघालेत, आणि अशा वेळी आधीची करवत कुणी, किती रुपयांत, कुणाच्या सहीनं लावली ते सांगायचं नाही, हे मला पटत नाही.

तुमचा राग त्या जागेवरच्या मायेतून आलाय हे मला कळतं. एक मागणं आहे. लंका ते भैरोंघाटी पायी गेलेली माणसं आता थोडीच उरली असतील. आईंनी त्या चढणीबद्दल नंतर काही सांगितलं असेल, तिथल्या झाडांबद्दल, पाण्याच्या आवाजाबद्दल, काहीही, तर लिहून पाठवा. तुमच्या परवानगीनं ते लेखात मुखब्याच्या परिच्छेदानंतर घालेन.