दारूगोळ्याचा अंदाज बांधणाऱ्या नवख्यांसाठी

अभिनंदन! पुढच्या युद्धात सैन्याला किती दारूगोळा लागेल, हे ठरवायचं काम तुमच्याकडे आलंय. घाबरू नका. युद्ध कधी, कुठे, कोणाशी आणि किती दिवस होणार एवढं सोडलं, तर बाकी सगळी माहिती हाताशी आहेच.

आधी दिवस ठरवा. त्यासाठी शत्रूचा अभ्यास नको, कोठारात डोकावलं की पुरे. साठा पंधरा दिवसांचा असेल तर युद्ध पंधरा दिवसांत संपतं. १९१४ साली युरोपातल्या सेनांनी झटपट विजय असाच गृहीत धरला होता. सप्टेंबर उजाडेपर्यंत फ्रेंच सेनापती ७५ मिलिमीटरच्या तोफांसाठी रोज एक लाख गोळे मागू लागले आणि कारखाने त्याच्या आसपासही नव्हते. दोष अंदाजाचा नव्हे. युद्धानंच वेळापत्रक पाळलं नाही.

मग शत्रूचे रणगाडे मोजा. एका माऱ्यात रणगाडा निकामी होण्याची शक्यता किती, हा आकडा चाचणीच्या मैदानातून घ्या. तिथे हवा स्वच्छ असते, लक्ष्य निमूट उभं राहतं आणि मारा करणाऱ्यावर उलट कोणीच मारा करत नाही. यानंतर तोच रणगाडा भूदलानं आपल्या यादीत धरावा, वायुदलानं आपल्या. एकमेकांना विचारायला जाऊ नका, विचारलं की मागणी घटते. आणि रणगाड्याचा पट्टा तुटला की तो मेला, की जळून कोळसा व्हायला हवा, हे मोघमच ठेवा. अमेरिकेत सरकारी लेखापरीक्षकांनी २००१ मध्ये अशाच कच्च्या दुव्यांवर अख्खा अहवाल लिहिला. लेखापरीक्षकांना दुसरं काम काय!

न फुटणाऱ्या गोळ्यांची चिंता करू नका. पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईआधी, १९१६ मध्ये, ब्रिटिशांनी आठवडाभरात सुमारे पंधरा लाख गोळे डागले. त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत, काटेरी तारा अनेक ठिकाणी जागेवरच राहिल्या आणि पहिल्या दिवशी पायदळ कापलं गेलं. पण कागदोपत्री पुरवठा चोख होता. तक्त्यात गोळा मोजतात, स्फोट नाही.

आता खरी लढाई, वित्त विभागाशी. तिथे मागणी निम्मी होते, म्हणून तुम्ही दुप्पट मागता. तुम्ही दुप्पट मागता हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ते पाव मंजूर करतात. मग फाईल परत येते आणि तुम्ही निर्विकार चेहऱ्यानं गणित उलटं मांडता: युद्धाचे दिवस थोडे कमी, नेम थोडा अधिक अचूक, शत्रू थोडा अधिक भित्रा. उत्तर मंजूर रकमेशी पैशापर्यंत जुळतं. याला ‘सुधारित गरज’ म्हणतात. शत्रूला या सुधारणेची प्रत पाठवायची पद्धत अजून नाही.

सरावाचा गोळा मात्र वर्षअखेरीला उडवून टाका, नाहीतर पुढच्या वर्षीचा वाटा कापला जाईल.

तरीही कमी पडलंच तर कारखाने आहेत की! २०२२ च्या सुरुवातीला अमेरिका १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला साधारण चौदा हजार बनवत होती. युक्रेनमध्ये तेवढे दोन-तीन दिवसांत उडत होते.

राहता राहिली सही. ती ‘तात्पुरता अंदाज’ या शिक्क्याखालीच करा आणि लगेच बदली मागा. फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावाजवळच्या लढाईनंतर, १९१५ मध्ये, गोळ्यांच्या टंचाईची बातमी छापून आली तेव्हा ब्रिटनमध्ये संयुक्त सरकार आलं आणि दारूगोळ्यासाठी वेगळं मंत्रालय उघडलं. तक्ते भरणाऱ्यांची नावं कोणी विचारली नाहीत.